पाणकणसातली छत्री

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. ही गोष्ट सांगताना मला मध्ये कुणी थांबवलेलं चालत नाही. थांबलो की लाज वाटायला लागते आणि मग उरलेली गोष्ट घशातच राहते.

शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर मी इंझोरीतल्या माझ्या बिऱ्हाडाच्या ओसरीवर गालाला साबण फासून बसलो होतो, आणि सखाराम न्हावी पट्ट्यावर वस्तरा परजत गावाच्या बातम्या सांगत होता. सखारामची पद्धत ठरलेली. एका गालाला एक बातमी, दुसऱ्या गालाला दुसरी. त्या दिवशीची पहिली बातमी अशी, की तळ्यात लांब शेपटीचं एक पाखरू कमळाच्या पानांवरून चालत जातं आणि पान बुडत नाही. दुसरी काय होती? तेच तर! दुसऱ्या गालाच्या वेळी मी जागेवर नव्हतोच. देह पाटावर होता, मन पाण्यात.

वाटी उचलताना तो म्हणाला, "उद्या सकाळी माहं काम तळ्यावरच आहे, गुरुजी."

मला वाटलं, वा, यालाही नाद लागला. मी म्हटलं, मीही येतो. सखारामने उचललेली वाटी परत खाली ठेवली.

"तुमीबी येता?"

"का? मी नको?"

"नाई नाई, या न. अशा येळी मानसानं यावंच."

पाखरू पाहायला जाण्याबद्दल हा माणूस इतका गंभीर का होतो, हे मला कळलं नाही. पण आनंद झाला.

आता माझ्या नादाबद्दल थोडं सांगायला हवं. आदल्या पौषात माझी पत्नी गेली. संध्याकाळी दिवा लावून घरात बसणं मला जमेना, म्हणून मी तळ्याच्या बांधावर जाऊन बसू लागलो. एवढंच कारण. पण पाण्याकडे बघत बसलं की त्यात काही ना काही हलतं, आणि हललं की ते काय आहे हे विचारावंसं वाटतं. पंचेचाळीस वर्षं मी ज्याला 'पाणपाखरू' एवढ्या एकाच शब्दात उरकलं होतं, त्यात किती जाती निघाल्या म्हणून सांगू! टिबुकलीला मी बदकाचं पिल्लू समजत होतो. पावसाळा अर्धा सरला तरी पिल्लू मोठं का होत नाही, याची मला खरीच काळजी लागली होती. आई खायला घालत नसावी, असा माझा तर्क होता. शेवटी एक दिवस त्या 'पिल्ला'ने स्वतःची पिल्लं पाठीवर घेऊन माझ्यासमोरून नेली, तेव्हा उलगडा झाला.

शाळेच्या कपाटात कुणा जुन्या साहेबाने टाकून दिलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते मी वाचून काढलं. त्यात या पानांवरून चालणाऱ्या पाखराचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की मादी अंडी घालून निघून जाते; अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं नर करतो. माझा विश्वास बसेना. हे एकदा डोळ्यांनी पाहायचंच, असं मी ठरवलं होतं.

तर रविवारी उजाडता उजाडता मी तळ्यावर. पाहणाऱ्याने लपून बसावं असं पुस्तकात होतं. लपायचं म्हणजे हिरवं काहीतरी अंगावर हवं, आणि माझ्याकडे एक काळा कोट आणि एक काळी छत्री. पायऱ्यांच्या उजव्या हाताला पाणकणसाचं दाट बेट आहे. त्यात शिरलो, चिखलात बूड टेकलं, डोक्यावर छत्री उघडून दांडा गुडघ्यांत धरला, आणि छत्रीच्या काड्यांमधून पाणकणसाची पाती खोचली. मी अदृश्य झालो अशी माझी पक्की समजूत होती.

आणि पाखरू खरंच होतं हो! हाकेच्याही अलीकडे, शिंगाड्याच्या पानांवर. तोंड आणि गळा पांढरा, मानेमागे हळदीचा पट्टा, शेपटी विळ्यासारखी वाकलेली. पायाची बोटं इतकी लांब, की बुरडाने टोपलीसाठी तासलेल्या कामट्याच वाटाव्यात. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पंख जरा बाजूला केले, आणि खाली भोवऱ्यासारखी तपकिरी, तुकतुकीत अंडी दिसली. ती चोचीने हनुवटीखाली ओढून घेऊन ते पुन्हा बसलं. मी श्वास धरला. हाच का तो बाप?

तेवढ्यात पायऱ्यांवर सखारामचा आवाज आला. मी खुशीत मान वळवली. सखारामच्या मागे महादेव होता, पंचा नेसलेला. त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ गणपत. मग गावचे भटजी. मग निम्मं गाव.

त्यांच्या आईचं, सोनाबाईचं दहावं होतं. मी सोडून साऱ्या इंझोरीला ते ठाऊक होतं. दुसरा गाल म्हणजे हा!

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच उठायचं होतं. पण पाखरू अंड्यांवरून उठलं असतं. शिवाय मी स्वतःला बजावलं, की यांचे विधी होतील, ही मंडळी जातील, कुणाला काही कळणार नाही. सखारामने दोघा भावांचं मुंडण केलं, मंत्र झाले, दर्भावर भाताचे पिंड मांडले गेले आणि सगळे मागे सरून बाभळीकडे बघू लागले. बाभळीवर कावळे भरपूर. चला, आटोपलं, असं मी मनात म्हटलं.

एक कावळा उतरला. पिंडाजवळ आला, मान तिरकी करून पाणकणसाकडे पाहिलं आणि ओरडत परत बाभळीवर. दुसरा उतरला. त्याचंही तेच.

"माय, तेरवीले साऱ्या गावाले गोड जेवन देतो," महादेव हात जोडून म्हणाला.

कावळे जागेवर.

सोनाबाईच्या मनात काय राहिलं असेल याचा शोध सुरू झाला. नातीचं लग्न औंदाच करू, असं महादेवने कबूल केलं. तिची कपिली गाय विकणार नाही, असं गणपतने. मारुतीच्या देवळाला घंटा झाली. दोन भावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून जुनं भांडण होतं. त्या धुऱ्यावरची बोर गणपतने भर गावासमोर महादेवला देऊन टाकली, आणि महादेवने ती त्याला परत दिली. शेवटी गणपतने बिडी सोडली. त्याची बायको पदराआडून त्याच्याकडे अशी बघत होती, की कावळ्याने आता निदान संध्याकाळपर्यंत तरी येऊ नये.

आणि मी? मी अजून कावळ्यांच्या स्वभावाबद्दल विचार करत होतो. जाणकार झालो होतो ना! एकेक पाखरू उतरतं, ठराविक जागी बिचकतं, तर तिथे काहीतरी असलं पाहिजे, असं मी शास्त्रशुद्ध अनुमान काढलं. मग ते काय असेल म्हणून पाणकणसात डावीउजवीकडे पाहिलं. वाऱ्याने डोक्यावरची छत्री फडफडली. आणि एकदम लख्ख कळलं. आपले लोक शेतात काठीला काळं फडकं बांधून उभं करतात ते कशासाठी? ते काम त्या रविवारी इंझोरीच्या शाळेचे हेडमास्तर जातीने करत होते.

छत्री मिटायला हात वर नेला तेवढ्यात नजर वर पारावर गेली. पुरुष खाली पायऱ्यांवर पाठमोरे होते, पण पार उंच. तिथे बायका बसल्या होत्या. त्यांत यमुना, सोनाबाईची लेक. बाकीच्या बाभळीकडे बघत होत्या, ती सरळ माझ्याकडे.

यमुनाबद्दल सांगतो. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून माहेरी. आईचं दुखणं तिनेच काढलं. आता तेरवी झाली की भाऊ तिला बैलगाडीत बसवून धनजला दिरांकडे पोचवणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दिरांना चुलीपुढे आणि गोठ्यात राबायला माणूस हवं होतं. तिला जायचं नव्हतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण तिला विचारणार कोण?

तिने मांडीवरचा हात जरासा उचलला आणि तळवा खाली करून दाबल्यासारखा केला. बसा.

मला भरून आलं. म्हटलं, घरात दुःख असताना ही बाई माझी अब्रू झाकते आहे. बसलो.

कबूल करण्यासारखं सगळं संपलं होतं. ऊन चढलं. माझ्या पोटरीला जळू चिकटली होती, आणि मी हलू शकत नव्हतो. भटजी म्हणाले, फार उशीर झाला तर दर्भाचा कावळा करून शिववू. त्यावर गावातला एक म्हातारा पायरीवर काठी आपटून म्हणाला, "दर्भाचा कायले? म्हातारीचा जीव कशात अटकला हे काय कोनाले माईत नाई?"

गणपत हळूच म्हणाला, "दादा, बोलून टाक न."

"तूच बोल."

"मोठा तू हायस."

माझं पाखरू एकदा उठलं, अंडी फिरवली, पुन्हा बसलं. मग महादेवने पाण्याकडे तोंड करून हात जोडले. त्याचा आवाज अर्धा झाला होता.

"माय, यमुना कोठी जात नाई. ते आपल्याच घरी राहीन. मागची खोली तिची, आन् आमी असू तोवर तिले कोनी जा म्हननार नाई."

मी पारावर पाहिलं. यमुनाने पदराने डोळे पुसले, आणि पदर खाली घेता घेता बोटं अशी हलवली, जशी दारातली कोंबडी हाकलावी. जा आता.

मी छत्री मिटली. मिटून पोटाखाली घेतली आणि पाणकणसाच्या मागच्या बाजूने चिखलातून सरपटत निघालो. मागे पंख फडफडले आणि साऱ्या गावाने सुटकेचा श्वास टाकला, तो मला तिथवर ऐकू आला. कावळा शिवला होता. एक नाही, अख्खी बाभूळ उतरली होती. घरी पोचेपर्यंत मी नखशिखान्त चिखल झालो होतो, आणि डोक्यावर टोपी नव्हती.

पुढे आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. लेकीचं नाव निघालं आणि पापणी लवायच्या आत कावळा उतरला! शाळेत पोरांनी मला याचं कारण विचारलं. मी त्यांना नद्यांची नावं लिहायला सांगितली. सखाराम म्हणाला, "गुरुजी, तुमी येतो म्हनाले आन् आलेच नाई." मी दुसरा गाल पुढे केला.

तेरवीनंतर एका सकाळी यमुना शाळेच्या ओसरीशी आली. पोरं यायची होती. तिच्या हातात माझी टोपी, धुऊन, घडी करून.

"कपडे धुवाले गेली तं शिंगाड्याच्या वेलात अटकेल दिसली," ती म्हणाली.

मी माफी मागायला सुरुवात केली. छत्री, कोट, पुस्तक, पाखरू, सगळं एका दमात सांगू लागलो. तिने मला अर्ध्यावर थांबवलं.

"मी तं तुमाले आल्याबरोबरच पायलं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"काहून बोलू? दादा बोलून राह्यला होता न."

माझी अब्रू झाकत होती म्हणे! मला तिने राखणीला बसवलं होतं.

"अजून जराक दम धरला असता गुरुजी," ती म्हणाली, "तं एक म्हैसबी पदरात पडली असती. पन तुमचा चेहरा पायला, आन् म्हनलं, हा मानूस आता तळ्यात पडते."

मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही. तीही हसली. मग मी तिला त्या पाखराचं सांगितलं. अंड्यांवर बसतो तो बाप, आणि आई निघून जाते. तिने विचार केला आणि विचारलं, बाप असून बसते? खरंच बसते? मी म्हटलं, पुस्तकात आहे. मी पाहिला तो बापच होता की नाही, हे अजून मला नक्की सांगता येत नाही. नर-मादी दिसायला सारखेच. "मंग अजून एकडाव जाऊन पाहा," ती म्हणाली. "कोनाचं दहावं नाई असं पाहून जा."

जायला निघाली, आणि ओसरीच्या कडेशी थांबली.

"तुमच्या बाईच्या दहाव्याले लय येळ लागला होता का हो, गुरुजी?"

"नाही," मी म्हटलं. "पिंड ठेवले आणि लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानाने गेली."

"मंग तुमी काय कबूल केलं होतं?"

मी टोपीची घडी उलगडली, परत घातली. पोरं फाटकातून आत यायला लागली होती.

काहीच नाही. हात जोडायच्या आतच कावळा आला होता, आणि माझं बोलायचं राहून गेलं.