काळे पडलेले टोमॅटो आणि शिंप्याचा हात

दादाने शिंप्याचा उजवा हात मोडला तेव्हा तिथे तिसरी मी एकटीच होते. चौकीतून दोनदा बोलावणं येऊन गेलं. दादाचं म्हणणं एवढंच, की शिंप्याने आधी हात उगारला असं मी सांगावं. तसं सांगितलं तर तो सुटतो, नाही तर आत जातो. सख्खा भाऊ तो, आणि मला तरी दुसरं कोण आहे?

आता हा माणूस म्हणजे काय चीज आहे ते ऐका. धंद्याने लोहार. चाळीस वर्षं फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या. तोंडाआधी हात चालायचा. एका गिऱ्हाइकाने माप चुकलंय म्हटलं, तर ती जाळी त्याच्यासमोर घणाने ठेचली आणि त्याच्याही दोन कानाखाली वाजवल्या. माप खरंच चुकलं होतं. लहानपणी मला चिडवणाऱ्या पोराचा दात पाडला, आणि मी सोडवायला गेले तर मलाही एक ठेवून दिली. त्याला आवरणारी एकच, वहिनी. ती गेल्या वर्षी गेली.

तेव्हा तिने मागच्या अंगणात लावलेले टोमॅटो लगडले होते, गोल, लालभडक, पातळ सालीचे. दादाने त्यातल्या सगळ्यात चांगल्या फळाचं बी वाळवून कागदाच्या पुडीत जपलं. या वर्षी बारा रोपं लावली. ज्याने जन्मात कुंडीला पाणी घातलं नव्हतं, तो आता झाडांपाशी बसून त्यांच्याशी बोलायचा. मात्र पाणी द्यायचं चार दिवस विसरायचा आणि पाचव्या दिवशी पाइप सोडून अंगणाचं तळं करायचा. मी सांगायला गेले तर म्हणाला, तू तुझी चूल बघ.

फळं धरली आणि घोळ सुरू झाला. एका झाडाला पिवळे, गोटीएवढे. दुसऱ्याला अंड्यासारखे लांबट. तिसऱ्याचे भोपळ्यासारखे घड्या पडलेले. वहिनीच्या टोमॅटोसारखा औषधालाही एक नाही. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणीतरी रोपं बदलली, दुसरं काय? त्यातच फळं बुडाशी काळी पडू लागली, चामड्यासारखी. मग विषही घालतंय कोणीतरी.

आणि इथे मी काडी लावली.

भिंतीपलीकडे शिंपी राहतो. त्याने माझ्या नव्या कापडाची पार माती केली होती, वर चारचौघींत म्हणाला, माप बरोबर आहे, बाईच सुटल्या आहेत. तो राग माझ्या मनात होताच. एका दुपारी तो बाटली घेऊन भिंतीशी उभा दिसला. नुसता उभा. मी दादाला सांगितलं, झाडांच्या मुळाशी काहीतरी ओतताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलं.

दादा तीन दुपारी पत्र्याच्या दाराआड दबा धरून बसला. चौथ्या दुपारी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. शिंपी भिंतीवरून उतरला, एका झाडाशी उकिडवा बसला आणि बाटलीचं बूच काढलं. दादा लोखंडी गज घेऊन बाहेर आला. पहिला घाव पाठीत. शिंपी तोंडावर पडला. दुसरा बाटली धरलेल्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला दोरीपाशी आला. शिंपी ओरडत होता, "हात नको हो, हात नको." तिसरा घाव त्याच हाताच्या बोटांवर बसला. मग दादाने बाराही झाडं गजाने झोडपून काढली. चिखल, रस आणि रक्त एक झालं. मी त्याचा दंड धरला तेव्हा त्याने मला ढकललं आणि मी भिंतीवर आदळले.

बाटली तिथेच पडली होती. मी हुंगली. चुन्याची निवळी होती.

दवाखान्यात शिंप्याच्या बायकोने सांगितलं, मागे त्याचेही टोमॅटो असेच सडले होते, या पाण्याने बरे झाले. तुमच्या वहिनीच्या बियाची झाडं जळताना बघवत नाहीत, म्हणायचा. दादाला सांगायची सोय नव्हती, म्हणून चोरून यायचा. डॉक्टर म्हणाले, बोटं आता कात्रीभोवती वळायची नाहीत.

उरलेली फळं घेऊन मी रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले. त्यांनी चिरून पाहिली. विषबिष काही नाही म्हणाल्या. पाणी कधी महापूर, कधी कोरडं, म्हणून चुना फळापर्यंत पोचत नाही आणि बूड सडतं. आणि वहिनीचं रोप संकरित होतं. त्याचं बी लावलं की असंच निघतं, दर झाडाचं रूप वेगळं. रोपं कोणी बदललीच नव्हती.

चौकीत दादा बाकावर बसला होता. साहेबांनी विचारलं, शिंप्याने हात उगारला का?

"नाही. तो बसला होता. हातात चुन्याचं पाणी होतं."

मग यांना विषाचं कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. दादाच म्हणाला, हिनेच, हिने डोळ्यांनी पाहिलंय.

"मी काही पाहिलं नव्हतं," मी म्हटलं. "नुसती बाटली दिसली होती. बाकीचं मी रागाने रचलं."

दादा उठला. शिपाई पुढे येईपर्यंत त्याचा पंजा माझ्या तोंडावर बसला होता. ओठ फाटला. दोघांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं तरी त्याचा हात माझ्याकडे येतच होता. साहेबांनी विचारलं, हेही लिहू का?

"हे राहू द्या," मी म्हटलं. "शिंप्याचं लिहा."