कृपया शांतता पाळू नये

चुंजूच्या नगर वाचनालयात बांग ह्येरान बाईंनी एकवीस वर्षं लोकांना गप्प बसवलं. ओरडून नव्हे. त्या नुसत्या उभ्या राहायच्या आणि चष्म्यावरून पाहायच्या. तेवढ्यानं अर्धं फाडलेलं बिस्किटाचं पाकीट तसंच्या तसं पिशवीत परत जायचं. घरीही तोच खाक्या. आपल्याकडे भाताचा कुकरसुद्धा वाफ दबकत सोडतो, असं त्यांचे यजमान म्हणायचे. यजमान दिवसाकाठी पाच-सहा वाक्यं बोलत, त्यातलं हे एक असे.

अशा घरात वाढलेली सोदाम नोव्हेंबरात कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला बसली. तिच्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलीला सर्दी झाली होती.

"एकशे सत्तावीस वेळा," संध्याकाळी दारात बूट काढता काढता सोदाम म्हणाली.

"काय एकशे सत्तावीस?"

"गणिताच्या पेपरात तिनं एकशे सत्तावीस वेळा नाक ओढलं. मी मोजलं."

"आणि गणितं?"

"ती कधी करणार, आई? मोजत होते ना."

गणितात त्र्याहत्तर पडले. सोदामला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि तिला हव्या असलेल्या कॉलेजचं दार त्या वर्षी अठ्ठ्याऐंशीवाल्यांनाही बंदच राहिलं होतं. म्हणजे निदान एकोणनव्वद तरी हवेत. बाबांनी दिवसभराची वाक्यं वाचवून रात्रीच्या जेवणाला एकच खर्च केलं. "एक वर्ष. एकच. पुन्हा नाही."

दुसऱ्यांदा बसणाऱ्यांच्या क्लासात तिचं नाव घातलं. तीन महिन्यांत एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. घरी बसून पेपर सोडवला की ब्याण्णव, क्लासात चाळीस जणांत सोडवला की एकाहत्तर. घरी त्र्याण्णव, क्लासात चौऱ्याहत्तर. क्लासच्या सिम बाईंनी ह्येरानना बोलावून घेतलं. सिम बाई सडेतोड होत्या.

"मुलीच्या गणितात काही खोट नाही. खोट तुमच्या घरात आहे."

"आमच्या घरात?"

"फार शांत आहे ते. ही मुलगी कुणाच्या पेनाचं टोपण पडलं तरी दचकते. तिला जरा आवाजात वाढवायला हवं होतं तुम्ही. आता आठ महिने उरलेत, बघा काय जमतं ते."

ह्येरान घरी आल्या. अभ्यासाच्या टेबलामागे त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली, तीवर बसल्या आणि नाक ओढलं.

सोदामनं मान वळवली. "हे खोटं वाटतं."

"खोटं कसं? नाकच आहे ना?"

"तू ओढतेस आणि लगेच माफी मागितल्यासारखी गप्प होतेस. खरी माणसं अशी नाही ओढत. त्यांना पत्ताच नसतो."

आता सवय करणं आलं. ह्येरान वाचनालयात माणसं निरखू लागल्या. ज्यांच्यावर त्या वर्षानुवर्षं डोळे वटारत आल्या होत्या, त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसायला लागल्या. छोट्या वहीत टिपणं काढायला लागल्या. निळ्या टोपीचे गृहस्थ दर चार मिनिटांनी घसा खाकरतात, पण पान उलटल्यावरच. परीक्षेचा अभ्यास करणारी एक तरुण बाई पेन्सिल तीनदा आपटते, थांबते, मग एकदा. सर्दी झालेला एक कारकून ओशाळून उठायला लागला, तर ह्येरानबाई म्हणाल्या, "बसा हो, बसा. मोकळेपणानं चालू द्या." त्या माणसानं पुन्हा कधी त्या वाचनालयात पाऊल टाकलं नाही.

घरात बाबांनाही कामाला लावलं. बसल्या जागी गुडघा हलवायची त्यांना जन्माची खोड, आणि लग्न झाल्यापासून ती दाबून ठेवलेली. ह्येरान म्हणाल्या, "हलवा." बाबांनी एकदा खात्री करून घेतली. "खरंच?" आणि मग गुडघा असा सुटला, की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी नाचायला लागलं. चोवीस वर्षांत नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान त्यांनी पाहिलं नव्हतं.

पण दोन आठवड्यांतच सोदामनं पेन खाली ठेवलं. "आई, आता याचा काही उपयोग नाही. तुझं नाक आणि बाबांचा पाय मला पाठ झाले. परकं माणूस हवं. केव्हा काय करेल याचा नेम नाही असं."

तिघांनीही एकदम वर छताकडे पाहिलं.

वर नऊशे तीनमध्ये नामगुंग आजोबा राहत. पूर्वी शहर बस चालवायचे, आता निवृत्त आणि एकटे. त्यांच्यात आणि ह्येरानबाईंच्यात तीन वर्षं वैर होतं, आणि त्याला कारण आजोबांचे पाय. ह्येराननी त्यांच्या दारावर आजवर अकरा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एकीपेक्षा एक सभ्य. शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आपल्या टाचांना आमचा नमस्कार कळवावा.' त्यानंतर आजोबांनी सगळ्या खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून बसवले, घरभर जाड चटया अंथरल्या, आणि लिफ्टमध्ये भेटले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

त्या दारात ह्येरान सफरचंदांची पेटी घेऊन उभ्या राहिल्या.

"चटई आणखी जाड करायची तर मला दरवाजा कापावा लागेल," दार किलकिलं करून आजोबा म्हणाले.

"आजोबा, चटया काढायची विनंती करायला आलेय."

आजोबांनी दार पूर्ण उघडलं आणि त्यांना नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

ह्येराननी सगळं सांगितलं. नाक, एकशे सत्तावीस, त्र्याहत्तर, गुरं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि खाली बसून त्या अकराच्या अकरा चिठ्ठ्या कपाटातून काढल्या. क्रमानं लावलेल्या होत्या.

"असं करा, सोदामची आई. बारावी लिहून द्या. 'चालावे' म्हणून. शिक्का मारून. उद्या तुम्ही फिरलात तर मी काय दाखवू?"

"देते."

"आणि माझी नातवंडं दोन वर्षं इथे आली नाहीत. धावू नका, उड्या मारू नका, ऐकून कंटाळली ती. त्यांना बोलावू का?"

ह्येराननी मान खाली घातली. अकरा चिठ्ठ्या लिहिताना त्यांना हे माहीत नव्हतं. "दर रविवारी बोलवा," त्या म्हणाल्या. "साडेदहा ते बारा दहा. गणिताची वेळ आहे."

बस चालवलेला माणूस वेळापत्रकाला पक्का असतो. रविवारी साडेदहाच्या ठोक्याला वरून असा धडधडाट सुरू झाला, की खालच्या दिव्याची काच थरथरली. सोदाम पहिल्या गणितावरच अडकली आणि रडली. दुसऱ्या रविवारी रडत रडत सहा गणितं केली. तिसऱ्या रविवारी शहात्तर पडले.

गोष्ट इमारतभर झाली. परीक्षा म्हटलं की आमच्याकडे कुणाला घरात बसवत नाही. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी आपलं दात येत असलेलं बाळ दोन तासांसाठी देऊ केलं. सातव्या मजल्यावर पियानो शिकणारी मुलगी होती, तिला रोज तीच एक ओळ चुकवत वाजवायचं काम मिळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या को बाईंनी सोसायटीच्या ऑफिसात लेखी तक्रार केली, की आपल्याला कसलंच काम दिलेलं नाही, हा भेदभाव आहे. त्यांना दाराबाहेर प्लास्टिकची पिशवी चुरगाळायला दिली. पिशवीच्या आवाजाचं महत्त्व को बाईंनी पुढे सगळ्यांना पटवून दिलं.

ऑफिसातले मुन साहेब मात्र घाबरले. वीस वर्षं ते घराघरांतल्या स्पीकरवरून शांततेच्या सूचना देत आले होते. शेवटी सह्यांचा अर्ज गेला, आणि एका रविवारी सकाळी सगळ्या घरांच्या छतांतून त्यांचा चाचरता आवाज आला. "रहिवाशांना नम्र सूचना. आज साडेदहा ते बारा दहा या वेळात कृपया कुणीही शांतता पाळू नये. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

एकोणऐंशी. पंच्याऐंशी. मध्ये एकदा घसरून चौऱ्याऐंशी, तर त्या दिवशी पियानोवाल्या मुलीला ताप होता, असं निघालं. तिच्या आईनं येऊन माफी मागितली. ऑक्टोबरात एक्क्याण्णव पडले. वर नातवंडं धावत होती, बाळ ओरडत होतं, बाबांचा गुडघा चालला होता, आणि सोदाम या सगळ्यात एखाद्या तळ्याकाठी बसावं तशी बसून गणितं करत होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ह्येरान डब्यासाठी भोपळा चिरत होत्या. शेजारी सोदाम पेन्सिली मोजत उभी होती.

"आई, तिथे शांत असलं तर?"

सुरी थांबली.

आठ महिन्यांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी सगळा देश श्वास रोखून बसतो. ऑफिसं उशिरा उघडतात, गाड्यांना हॉर्न वाजवायची बंदी, दुपारी इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना विमानंसुद्धा खाली उतरत नाहीत. पर्यवेक्षक रबरी तळव्यांचे बूट घालून फिरतात. मुलीला अख्ख्या इमारतीनं मिळून कशासाठी तयार केलं होतं?

"असेलच कुणीतरी सर्दीवालं," ह्येरान म्हणाल्या. "नोव्हेंबर आहे."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या लोखंडी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. आत मुलं गेली, फाटक बंद झालं, आणि रस्ता इतका चिडीचूप झाला की झाडावरून पान पडलेलं ऐकू यावं. शंभरेक आया उभ्या होत्या. कुणाच्या हातात जपमाळ, कुणी डोळे मिटून पुटपुटत होत्या. सव्वादहाला नामगुंग आजोबा आले. बसचा जुना गणवेश घालून.

"काहीही ऐकू येत नाही," ते हताशपणे म्हणाले. "काय चाललंय काय इथे?"

"हळू बोला, आजोबा."

"सोदामची आई, पोरगी बुडाली. मी इथे चार पावलं चालून बघतो." आणि त्यांनी फुटपाथवर टाच आपटली.

तरुण पोलीस धावत आला. "आजोबा, आवाज नको."

"माझ्याकडे लेखी आहे!" आजोबांनी खिशातून बारावी चिठ्ठी काढली. पोलिसानं ती वाचली, पुन्हा वाचली, शिक्का पाहिला आणि अदबीनं त्यांना कोपऱ्यावर नेऊन बसवलं.

साडेदहा झाले. गणिताचा पेपर वाटला गेला असणार. तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी हातभर उघडी होती. ती सोदामच्या वर्गाची होती की नाही, देव जाणे. ह्येराननी फाटकाच्या गजांना तोंड लावलं आणि नाक ओढलं. ओलसर, लांब, बेपर्वा. आठ महिन्यांच्या मेहनतीचं नाक होतं ते. थांबल्या. पुन्हा ओढलं.

शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, ही बिचारी रडतेय. त्यांचाही बांध फुटला. त्यांच्या पलीकडच्या बाईनं रुमाल काढला. पाच मिनिटांत फाटकापासून कोपऱ्यापर्यंतची सगळी रांग नाक ओढत होती. मोठमोठ्या घरच्या बायका, कारखान्याच्या जाकिटातल्या बायका, एक आजीसुद्धा. पोलीस बिचारा कागदी रुमाल वाटत फिरत होता. "बाई, शांत व्हा हो. होईल सगळं चांगलं." मग त्याला याच परीक्षेला बसलेली आपली बहीण आठवली आणि त्यानंही नाक ओढलं. त्याचं बाकी खरं होतं.

अंधार पडता पडता सोदाम बाहेर आली. ह्येराननी काहीच विचारलं नाही. बसमध्ये बसल्यावर तीच म्हणाली, "फार शांत होतं गं. माझं मलाच पेन ऐकू येत होतं."

"मग?"

"मग काय. मध्ये एकदा मला भास झाला. खूप माणसं एकदम नाक ओढताहेत असा."

ह्येरान खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

घरी येऊन सोदामनं गणिताची उत्तरं उतरवून आणलेली चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. "तुम्ही तपासा. मला नाही बघवत." ती न्हाणीघरात शिरली आणि तिनं पाणी सोडलं. ह्येरान स्वयंपाकघरात एकच चमचा पुन्हा पुन्हा धूत राहिल्या. दिवाणखान्यात बाबा लाल पेन आणि त्याच संध्याकाळी जाहीर झालेली बरोबर उत्तरं घेऊन बसले. गुडघा हलत नव्हता.

बऱ्याच वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याच वेळी वरच्या गॅलरीतून आजोबांनी हाक घातली. "सोदामचे बाबा! किती?" सातव्या मजल्यावरची खिडकी उघडली. खालून को बाई ओरडल्या, "अहो, किती पडले?"

बाबांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी हात पुढे करून काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, पण बोटं दहाच. मग त्यांनी कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा उचलला आणि छतावर ठोकायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

वरून आजोबा मोठ्यानं मोजायला लागले. न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. ह्येराननी चमचा ठेवला, पण त्या दाराशी गेल्या नाहीत. बाबांचा चेहरा पाहायचा नव्हता. पंचवीस. पन्नास. साठपर्यंत सगळी इमारत मोजायला लागली होती, पाचव्या मजल्यावरचं बाळही गप्प होतं. त्र्याहत्तर गेलं. चौऱ्याहत्तर. ऐंशी. ठोके सावकाश पडायला लागले, बाबा थकले होते. पंच्याऐंशी. शहाऐंशी. सत्त्याऐंशी.

अठ्ठ्याऐंशी.

दांडा थांबला.

ह्येराननी ओट्याची कड घट्ट धरली. न्हाणीघराचं दार उघडलं, आणि केसांना टॉवेल गुंडाळलेली सोदाम तिथेच उंबऱ्यावर थबकली. दिवाणखान्यात बाबांनी दांडा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, तळवा पँटला पुसला आणि पुन्हा ठोकलं.

"एकोणनव्वद!" वरून आजोबांचा आवाज फाटला, आणि पुढचे ठोके कुणी मोजलेच नाहीत.