उरणच्या पोपटीला सायकलवर

माझं माहेर उरणच्या बाजूला. थंडी पडली की भावाच्या शेतात वालाच्या शेंगा भरतात आणि पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी घालायची, मडकं शेतातच उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. नवरा होता तोवर आम्ही दोघं दरवर्षी स्कूटरवर जायचो. तो गेला, स्कूटर धाकट्या दिरांनी वापरायला घेतली आणि त्या हिवाळ्यात मला म्हणाले, "वैनी, आता तुमचं असं हिंडणं बरं दिसत नाय. लोक काय बोलतील?"

मी गेले नाही. पण ते बोलणं काही पचलं नाही.

सासरी, तळवलीच्या आमच्या घरामागं आता सोसायट्या झाल्यात. तिथल्या एक बाई भाजी घेताना भेटायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, बँकेत नोकरीला, आणि सुट्टी मिळाली की सायकलवर कुठं कुठं जाणाऱ्या. त्यांनीच एकदा विचारलं, "शिकता का?"

"पन्नाशी उलटली माझी."

"मग? पडलात तर उठाल."

पडले. खाडीकडच्या रस्त्यावर गुडघे फोडून घेतले, साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला, गल्लीतल्यांचं हसणं ऐकलं. दसऱ्यापर्यंत सायकल हातात बसली आणि जुनी एक विकतही घेतली. यंदा पोपटीला सायकलवर जायचं, असं मी घरात जाहीर केलं.

निघायच्या सकाळी बघते तर मागच्या चाकाला साखळी आणि कुलूप. दीर ओट्यावर चहा पीत होते.

"चावी द्या, भावोजी."

"घराची अब्रू रस्त्यावर न्यायची नाय."

घरात ओरडाओरडा केला असता तर त्यांचंच खरं झालं असतं. मी कॅरियरला धरून मागचं चाक उचललं आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत गल्लीतून निघाले. जड होती. दोनदा टेकवली. दारादारांत माणसं उभी राहिली. सासू मागून म्हणाली, "जा गो तू. येताना मना शेंगा हान." दिरांनी आईकडे असं बघितलं, की मला हसूच फुटलं.

हायवेवरच्या पंक्चरवाल्यानं विचारलं, "किसने लगाया?"

"देवर ने."

त्यानं कटर काढला. ठरल्याप्रमाणं त्या सायकलवाल्या बाई पुलाखाली थांबल्याच होत्या. आम्ही पाम बीचनं बेलापूर, तिथून उलव्याकडून पुढं गेलो. कंटेनरचे ट्रेलर अंगावरून गेल्यासारखे जात होते. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. जासईच्या पुढं आत वळलो, मोकळी शेतं दिसली आणि खांदे सैल पडले.

भाऊ बांधावर उभाच राहिला. "सायकलवर आलीस? आनि तुझ्या दिरांना चाललं?"

"त्यांना इचारलं नाय."

तो मान हलवत मडक्याकडं वळला. वहिनीनं मात्र माझ्या हातात पेंढ्याचा भारा दिला. "मग लाव पोपटी. आज मान तुझा."

शिजली का बघायला मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र झालं, तेवढ्यात दिरांचा फोन. "त्या सोसायटीवालीच्या नादाला लागून तुमी..."

"भावोजी, पोपटी झाली हाय. येताय का खायाला?"

फोन कटला. पाला बाजूला केल्यावर जो वास आला, त्यात नवऱ्याची आठवण आली आणि मी तिथं, सगळ्यांसमोर, रडत रडत जेवले. कुणी थांबवलं नाही.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. दीर माझ्याशी अजून बोलत नाहीत. न बोलोत. पावसाळ्यात आम्ही कर्जतकडं गेलो, लावणी चाललेल्या शेतांमधून भिजत. येत्या उन्हाळ्यात कुठं, ते ठरायचंय. ठरलं की घरात सांगेन. विचारणार नाही.