भरून ठेवलेली भांडी
नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला की पणजीतली माझी पहिली खोली आठवते. बाजार, ऑफिस, समुद्र, सगळं पायी जाण्यासारखं, पण भाडं एवढं की एकाच खोलीवर भागवावं लागलं. आईला संभाजीनगरहून कायमची राहायला आणलं होतं. आमच्याकडं आठवड्यानं पाणी येणार, त्या सवयीनं ती इथंही रोज पातेली, डबे भरून ठेवायची. "अगं, इथं रोज येतं पाणी," मी हसायचे. मी दाराशी पाय मुडपून झोपते हे तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मला नाय मानवत ही खारी हवा." तिला संभाजीनगरच्या गाडीत बसवून खोलीवर परत आले, तर चहाच्या कपापर्यंत सगळं काठोकाठ भरलेलं. पावसाळ्याआधीच ती वारली. आता दोन खोल्या परवडतात. दुसरीत मी तिची कळशी भरून ठेवते.