झोपायला अंगण

मे महिन्यातला रविवार, लातूरचं आमचं अंगण. हजर: मी, हे, बारावीच्या क्लासमधून नुकतीच सुटलेली लेक आणि भूकंपापासून छताखाली कधीच न झोपलेल्या सासूबाई. लोणच्याच्या कैऱ्या फोडायला घेतल्या की तो दिवस आठवतो. बार्बाडोसला जायचं ठरत होतं. “जूनमध्ये हॉटेल निम्म्या दरात पडतं, तिथं तेव्हा वादळं येतात म्हणून,” हे म्हणाले. सासूबाईंना मागं ठेवून आम्ही जाणार नव्हतो, त्यामुळं सगळे त्यांच्याकडं बघू लागलो. “वादळाचं आधी कळतं का रे?” त्यांनी यांना विचारलं. “कळतं आई, रेडिओवर सांगतात.” “मग काय भ्यायचं? भूकंपानं कुठं सांगितलं होतं?” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “झोपायला अंगण हाय का, तेवढं हॉटेलवाल्याला विचार गं.” लेक आता नोकरीला लागली, पण उत्तर ‘नाही’ आलं तर बेतच मोडेल, म्हणून ते विचारायचं अजून राहिलंय.