बनाबाईचा वरचा आकडा

लोणी देवकरच्या वस्तीवरच्या बनाबाईला आपलं बीपी वाढवायचं होतं. हसू नका! लोक बीपी उतरावं म्हणून आळणी गिळतात, आणि ही बया दवाखान्याच्या गोळ्या राखुंडीच्या डब्यात दडवून मिरचीचा खार बोटानं चाटत होती.

कारण एकच. नवरा गेला, म्हैस विकली, आणि लेक दिग्विजय बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागून तिकडंच राहिला. जाताना म्हणाला होता, "आये, बीपी वाढलं तर निरोप दे. लगेच येतो." झालं! म्हातारीनं तेवढंच पदराला गाठ मारून ठेवलं.

बाजाराच्या दिवशी ती इंदापूरच्या दवाखान्यात जाई. प्रियदर्शनी सिस्टर तिचा दंड धरून पट्टा बांधायची. आठवड्यात माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. एकदा बनाबाईनं विचारलं, "आकडं दोन का गं?"

"मावशी, काळीज आवळतं तेव्हा रक्त जोरानं पुढं जातं, तो वरचा. सैल पडतं तेव्हा जोर उतरतो, तो खालचा."

"मंजी धार काढल्यावानीच की! मूठ आवळली की चरवीत धार, ढिली सोडली की सड पुन्यांदा भरतोय. एवढं न कळायला मी काय खुळी हाय व्हय?"

पुढच्या खेपेला वरचा आकडा चढलाच. सिस्टर घाबरली. "गोळ्या घेता ना?" बनाबाईनं खाली बघत मान डोलावली. सिस्टरनं लगोलग लेकाच्या कारखान्यात फोन लावला.

बनाबाईचा आनंद पोटात मावेना. तिनं घर सारवलं, पुरण घातलं. रविवारी दारात मोटारसायकल वाजली. ती धावत आली, तर दिग्विजयबरोबर कामाला असणारा वस्तीवरचा गेणू. हातात खोकं.

"काकू, दिग्विजयला सुट्टी न्हाय. हे मशीन धाडलंय त्यानं. बटण दाबलं की बीपी दावतंय. आता इंदापूरला हेलपाटं नकोत म्हणला."

बटण दाखवून गेणू गेला. पोळी खायलाही थांबला नाही. लेक तर आला नाहीच, वर सिस्टरचा हातही गेला. नवरा गेला त्या दिवशीही बनाबाईला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सांजेला तिनं पट्टा दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा फुगला, त्यानं दंड गच्च आवळून धरला, मग हळूहळू सैल पडला. आकडे उमटले. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

तिनं पुन्हा बटण दाबलं.