ओढ लागल्याशिवाय

"मावशी, आज शर्यतीत तिनं परत बॅटनचं नुसतं टोक धरलं तर?"

"तर सोडू नको. इथं ट्रेचं काय करतेस?"

भाचीनं पकड आवळली. भट्टीतून काढलेला पावांचा ट्रे दोघींच्या मध्ये होता, फडक्यातूनही चटका लागत होता. बेकरीत नियम एकच: समोरच्याची ओढ हाताला लागल्याशिवाय ट्रे सोडायचा नाही. तो 'घेतला' म्हणाला तरी नाही. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही, असं मावशीचं म्हणणं.

काळ्या कातडीची माणसं पुलाच्या अलीकडं राहायची, गोरी पलीकडं. पलीकडच्या क्लबाच्या रिले संघात अलीकडची अशी ही पहिलीच पोर. वाऱ्यासारखी पळायची म्हणून घेतली, हौसेनं नाही. संघातल्या पोरी तिला 'कोळसा' म्हणायच्या. तीही कमी नव्हती. "कोळसा आहे म्हणून तर भट्टी पेटते," म्हणायची आणि बुटाची नाडी बांधायची.

तिसरा टप्पा तिचा, शेवटचा कारखानदाराच्या लेकीचा. ही लेक बॅटन घ्यायची ती दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर उचलावा तशी. काळ्या हाताला हात लागू नये म्हणून. सरावात बॅटन दोनदा पडलं आणि दोन्ही वेळा खापर कोळशावर फुटलं. यांचे हात घामट असतात, असं कुणीतरी बोललं. मास्तरांनी तर सगळ्यांदेखत ऐकवलं होतं: आज पडलं, तर ही बाहेर आणि तिच्या गल्लीतली पोर पुन्हा या मैदानावर दिसायची नाही. गल्लीतल्या दोघी धाकट्या तर तिच्या जुन्या बुटांवरून आत्तापासूनच भांडत होत्या.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं. बॅटन हातात आलं तेव्हा ती तिसऱ्या क्रमांकावर होती. वळणावर एकीला मागं टाकलं. समोर कारखानदाराची लेक पळू लागली. हिनं हाक दिली. तिचा हात मागं आला, पण तळवा मिटलेला, बाहेर फक्त दोन बोटं. बोटांनी टोक धरलं.

ओढ नव्हती.

कोळशानं सोडलं नाही. पुढची रेघ जवळ येत होती. ती ओलांडून बॅटन दिलं तर संघ बाद. छाती फुटायला आली. लेक पुढून ओरडली, "सोड ना!"

"नीट धर. मग सोडते."

आणि तिनं बॅटन तसंच पुढं रेटलं, मूठ थेट गोऱ्या तळव्यात घुसवली. लेकीचा हात दचकला, निसटायला बघू लागला, पण जाणार कुठं? रेघ पायाशी होती. बोटं मिटली. काळ्या मुठीसकट मिटली. कचकन ओढ लागली, तेव्हा कुठं हिनं सोडलं.

संघ दुसरा आला. लेकीनं लगेच हात चड्डीला पुसला. पुसला तर पुसला. बॅटन पडलं नव्हतं. त्या घोळात वेळ गेला, नाहीतर पहिलेच आलो असतो, असं मास्तर कुरकुरले. तिनं धाप आवरत त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, "उद्या गल्लीतल्या दोघींना आणते."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळ्यांदेखत घातलेली अट होती; आता गिळायची कशी?

"वेळेवर आण," म्हणाले.

ती पूल ओलांडून थेट बेकरीत गेली. रात्रीच्या पावांची घाई होती. मावशीनं फडकं तिच्या अंगावर फेकलं. पोरीनं पहिला ट्रे भट्टीतून काढून पुढं केला.

"घेतला," मावशी म्हणाली.

पोर तशीच धरून उभी राहिली.